उत्स्फूर्त विनोदाचा प्रयोग कलाकाराने कसा पाहावा

हाती संहिता न घेता, प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून जागच्या जागी उभा केलेला विनोदी प्रयोग, ज्याला आता मराठीतही सर्रास इम्प्रॉव्ह म्हटले जाते, तो स्वतः चार-पाच वर्षे केल्यानंतर दुसऱ्यांचा पाहणे अवघड होऊन बसते. आचाऱ्याला पंगतीत बसवले की त्याचे लक्ष पानातल्या पदार्थापेक्षा वाढप्याच्या हाताकडे अधिक असते, तशी आपली गत होते. सभोवतालचे लोक खळखळून हसत असताना आपण ‘कॉलबॅक (आधीच्या गमतीचा पुन्हा केलेला उल्लेख) चांगला जमला’ एवढी कोरडी नोंद करतो, सीन थोडा रेंगाळला की आपला जीव कासावीस होतो आणि घरी परतताना फक्त चुका आठवतात. मी स्वतः काही वर्षे अशीच काढली आणि त्या काळात पाहिलेल्या प्रयोगांतून मला जवळजवळ काहीही मिळाले नाही, याची खंत आजही वाटते.

पुढील सूचना अशा कलाकारांसाठी आहेत. मंचावर कधीच न गेलेल्या रसिकाला यांतल्या बहुतेक गोष्टींची गरज नाही, कारण तो त्या आपसूकच करतो.

पायरी १ : प्रयोग कोणत्या घराण्याचा आहे ते आधी माहीत करून घ्या

आधुनिक इम्प्रॉव्हची मुळे प्रामुख्याने शिकागोत आहेत. व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसोबत आणि स्थलांतरितांसोबत काम करताना नाट्यखेळ रचले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी ते खेळ घेऊन 1955 मध्ये डेव्हिड शेपर्ड यांच्यासह कंपास प्लेयर्स हा संच सुरू केला आणि डिसेंबर 1959 मध्ये ‘सेकंड सिटी’च्या स्थापनेत पुढाकार घेतला. सेकंड सिटीत उत्स्फूर्त खेळ हे मुख्यतः साधन होते, म्हणजे त्यातून सापडलेले प्रवेश घोटून पक्के करायचे आणि मग ठरलेला कार्यक्रम म्हणून सादर करायचे. उत्स्फूर्तता हाच अंतिम प्रयोग, असा आग्रह धरणारे डेल क्लोज यांनी ‘हॅरल्ड’ हा रचनाबंध पुढे शिकागोत शार्ना हॅल्पर्न यांच्यासह रुजवला. त्याचा पहिला प्रयोग मात्र 1967 मध्ये कॅलिफोर्नियात ‘द कमिटी’ या संचाने केला होता. तिकडे कीथ जॉनस्टन यांनी लंडनमध्ये सुरू केलेले काम कॅनडातल्या कॅलगरीला नेले आणि 1977 मध्ये ‘थिएटरस्पोर्ट्स’ उभे केले, ज्यात दोन संघ कुस्तीच्या फडासारखे समोरासमोर येतात आणि परीक्षक गुण देतात.

ही वंशावळ पाठ असण्याचे कारण व्यावहारिक आहे. शॉर्ट फॉर्म म्हणजे दोन-चार मिनिटांचे नियमबद्ध खेळ. ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ या ब्रिटिश कार्यक्रमामुळे 1988 पासून जगभर पोहोचला तो हा प्रकार. त्यात खेळाचा नियम कसा पाळला, कसा वाकवला आणि वेळेत कसा संपवला हे पाहायचे असते. हॅरल्डमध्ये एका शब्दावरून सुरुवात होते, मग एकमेकांशी संबंध नसलेले तीन सीन, मधे सर्वांचा मिळून एक खेळ, मग त्याच तीन सीनची दुसरी फेरी, पुन्हा समूहाचा खेळ आणि अखेरच्या फेरीत धागे एकत्र येणे, असा अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास असतो. तिथे पहिल्या दहा मिनिटांत हशे कमी आले म्हणून तोंड वाकडे करणाऱ्याला रचनाच कळलेली नसते. शॉर्ट फॉर्मच्या प्रयोगाला जाऊन ‘पात्रांना खोली नव्हती’ म्हणणे हे लावणीच्या बैठकीत ख्याल का गायला नाही, म्हणून कुरकुर करण्यासारखे आहे. दुर्दैवाने अशी कुरकुर आपल्या क्षेत्रातले अनुभवी लोकच सर्वाधिक करतात.

पायरी २ : जागा निवडा आणि तोंड बंद ठेवा

शक्य असल्यास तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मध्यापासून थोडे बाजूला बसावे. अगदी पुढे बसल्यास समोर चाललेल्या सीनपलीकडे काही दिसत नाही. बाजूच्या कोनातून मात्र बॅकलाइन, म्हणजे सीनमध्ये नसलेले कलाकार मागे किंवा कडेला उभे असतात ती रांग, पूर्ण दिसते. आपल्याच संचातल्या मित्रांच्या घोळक्यात बसू नये. पाच कलाकार एका रांगेत बसले की ती रांग पाहता पाहता परीक्षक मंडळ होते, कोपराने ढोसणे सुरू होते आणि मंचावरच्या लोकांना ते जाणवते.

सजेशन मागितले जाईल तेव्हा गप्प राहावे. अनुभवी माणसाचा शब्द बहुधा जरुरीपेक्षा हुशार असतो; ‘अस्तित्ववाद’ किंवा ‘सासूचे मृत्युपत्र’ असे काहीतरी ओरडून आपण अर्धा सीन स्वतःच लिहून ठेवतो. समोरच्या काकूंनी दिलेला ‘झाडू’ हा शब्द त्यापेक्षा शंभर पटींनी कसदार असतो.

वही बाहेर काढू नये. साठ खुर्च्यांच्या सभागृहात खाली मान घालून लिहिणारा माणूस मंचावरून लख्ख दिसतो. त्याऐवजी हसू आले तर मोकळेपणी हसावे. कलाकार प्रेक्षकांत बसला की तोंड मिटून, नाकातून हसतो. ही खोड घालवण्यासाठी मला जाणीवपूर्वक प्रयत्न करावे लागले.

पायरी ३ : मनातला सीन बंद करा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड पायरी हीच आहे. मंचावर पहिले वाक्य उच्चारले जाताच अनुभवी कलाकाराच्या डोक्यात त्याचा स्वतःचा सीन सुरू होतो आणि पुढची तीन मिनिटे तो समोरच्या सीनची आपल्या सीनशी तुलना करत बसतो. एक उदाहरण सांगतो.

पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात शब्द आला होता ‘कुलूप’. एक तरुण पुढे आला, उकिडवा बसला आणि काल्पनिक जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून कुलपाला लावू लागला. त्याच क्षणी माझ्या डोक्यात घरफोडी सुरू झाली. त्याची सहकलाकार तीन-चार सेकंद मागे नुसती उभी राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “आई झोपलीय अजून.” माझी पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती, कारण माझ्या सीनमध्ये ती पोलीस असायला हवी होती. पुढे दोघा भावंडांनी मिळून आईच्या कपाटातून काहीतरी काढण्याचा खटाटोप केला, लोक खूप हसले, आणि मला तो सीन ‘ठीक’ वाटला.

त्याच प्रयोगाला आलेल्या, रंगभूमीशी काहीही संबंध नसलेल्या माझ्या मावसबहिणीने परतताना विचारले, “त्या मुलाने जुडगा मुठीत घट्ट धरला होता ना, आवाज होऊ नये म्हणून? शेवटपर्यंत सोडलाच नाही.” मी ते पाहिलेच नव्हते. ‘आई झोपलीय’ हे ऐकल्याबरोबर त्याने अस्तित्वातच नसलेल्या किल्ल्यांचा खळखळाट थांबवण्यासाठी मूठ आवळली होती आणि उरलेला सीन एका हाताने केला होता. त्या संध्याकाळी मंचावर घडलेली सर्वांत सुंदर गोष्ट तीच होती. मी मात्र माझ्या डोक्यातल्या चोराकडे पाहत राहिलो होतो.

मनातला सीन बंद करण्यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. प्रत्येक सीन सुरू झाला की पहिली तीस सेकंद फक्त वस्तू पाहायच्या : हातात काय आहे, ते जड आहे की हलके, गरम की गार, खाली ठेवले तेव्हा नेमके कुठे ठेवले. इम्प्रॉव्हच्या मंचावर सहसा दोन खुर्च्यांपलीकडे काही नसते, त्यामुळे बाकी सारे हातांनीच उभे करावे लागते. डोळ्यांना हे काम लावले की डोक्यातला लेखक बराच वेळ गप्प बसतो. डोक्यात ‘मी असतो तर’ हे शब्द उमटल्याचे लक्षात आले, की पुन्हा हातांकडे वळायचे. सुरुवातीला हे दर मिनिटाला करावे लागते.

पायरी ४ : बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहा

पहिली पंधरा मिनिटे अशी साध्या प्रेक्षकासारखी पाहून झाली, की मग कारागिराची नजर लावायला हरकत नाही. मात्र ती लावायची ऐकणाऱ्यावर. संवाद म्हणणाऱ्याकडे सगळे सभागृह पाहत असते, आणि उत्स्फूर्त प्रयोगातले निर्णय मात्र बहुतेकदा त्या वेळी न बोलणारा माणूस घेत असतो.

ऐकणाऱ्याच्या शरीरात काय बदलते ते पाहावे. समोरून आलेली ऑफर, मग ती वाक्य असो, हालचाल असो की नुसता सुस्कारा, त्याच्यापर्यंत पोहोचली असेल तर उत्तर येण्यापूर्वीच त्याचा श्वास, खांदे किंवा उभे राहण्याची ढब बदललेली दिसते. काहीही न बदलता लगेच चटपटीत उत्तर आले, तर ते बहुधा आधीच तयार होते. ‘येस, अँड’, म्हणजे समोरच्याचे मान्य करून त्यात भर घालणे, हे तत्त्व शिकवताना आपण होकारावर फार भर देतो. पाहताना कळते की कलाकार तोंडाने होकार देऊनही ऑफर सपशेल नाकारू शकतो, आणि उलट ‘मी मुळीच येणार नाही’ असे ठणकावणारे पात्र समोरच्याने उभे केलेले सगळे जग मान्य करून त्यात भरही घालू शकते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दर्जा, अर्थात जॉनस्टन ज्याला स्टेटस म्हणत तो. मालक आणि नोकर यांचा सीन असेल तर सामाजिक दर्जा उघड असतो. पण मालक सारखा चेहऱ्याला हात लावत असेल, अर्धवट वाक्ये बोलत असेल आणि नोकर स्थिर मानेने, सावकाश उत्तर देत असेल, तर खेळातला दर्जा उलटा आहे. हा तराजू नेमका कोणत्या क्षणी कलला ते टिपण्याचा सराव करावा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा आणि प्राध्यापक यांच्यातला तराजू ज्यांनी रंगमंचावर कलताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट बॅकलाइन. एखाद्या संचाची खरी तब्येत तिथे कळते. मागे उभे असलेले लोक सीन पाहत आहेत, की आपली पाळी कधी येते याची वाट पाहत आहेत? मी तर पायांकडे पाहतो. एडिट करायला, म्हणजे चालू सीन संपवायला किंवा वळवायला, निघालेल्या माणसाचे वजन आधी पुढच्या पावलावर येते. कधी ते येते, तो क्षणभर थांबतो आणि पुन्हा टाचेवर जातो, म्हणजे त्याने सीन संपवायचे ठरवले होते पण त्याच वेळी समोर काहीतरी नवे उगवले आणि त्याने ते जगू दिले. मंचापुढून धावत जाऊन केलेला स्वीप, खांद्यावर थाप देऊन सहकाऱ्याची जागा घेणारा टॅग आउट, चालू सीनमध्ये मधेच शिरून घेतलेला वॉक-ऑन, यांपैकी प्रत्येक एडिट नेमका कोणत्या शब्दावर आला हे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करावा. बहुतेक चांगले एडिट हशा ओसरू लागण्याच्या किंचित आधी येतात. काही फार चांगले एडिट मात्र हशा नसताना, निव्वळ शांततेवर येतात, आणि ते करायला धैर्य लागते.

एका प्रयोगात हे सगळे पाहू जाऊ नये. एका संध्याकाळी एकच विषय घ्यावा, किंवा एकच कलाकार निवडून, तो सीनमध्ये असो वा नसो, पूर्ण वेळ त्याच्यावरच नजर ठेवावी. यासाठी संचातला सर्वांत विनोदी माणूस निवडू नये. ज्याच्या वाट्याला फारसे हशे येत नाहीत, तरीही जो आत आला की सीन सावरतो, तो निवडावा.

पायरी ५ : हशे ओळखायला शिका

हशे मोजून प्रयोगाची किंमत ठरवणे हा नव्या कलाकाराचा दोष असला, तरी जुन्यांमध्येही तो उरतो. हशा कशामुळे आला ते विचारावे. कलाकाराला हसू फुटले म्हणून आलेला हशा, शिवी किंवा राजकारण्याचे नाव आल्यामुळे आलेला हशा, आणि ‘हो, आमच्याकडेही अगदी असेच असते’ या ओळखीतून आलेला हशा, यांचे आवाजही निराळे असतात. शेवटचा सहसा सभागृहाच्या मागच्या बाजूपर्यंत पसरत जातो आणि थोडा उशिरा थांबतो.

पायरी ६ : पडलेला प्रयोगही शेवटपर्यंत पाहा

मध्यंतरात उठून जाऊ नये. पडणाऱ्या प्रयोगात कारणे उघडी पडलेली असतात. सीन कोसळला की त्याआधीच्या तीस-चाळीस सेकंदांकडे मनाने मागे जावे, कारण खड्डा बहुधा तिथे असतो : कोण, कुठे आणि एकमेकांचे कोण हे ठरण्यापूर्वीच कुणीतरी गंमत शोधायला लागला असेल, किंवा दोघे असताना मदतीच्या भावनेने तिसरा आणि चौथा आत शिरला असेल. मंचावर अचानक चौघे जण एकाच वेळी मोठ्याने बोलू लागले, तर त्यांच्यात मस्ती कमी आणि भीती जास्त आहे असे खुशाल समजावे.

त्याचबरोबर पडल्यानंतर ते काय करतात हेही पाहावे. जॉनस्टन आपल्या विद्यार्थ्यांना हसतमुखाने अपयशी व्हायला शिकवत. हॅरल्डची पहिली फेरी विस्कटल्यावर एकमेकांकडे आरोपी नजरेने न पाहता दुसऱ्या फेरीत त्याच विस्कटलेल्या गोष्टीला विषय करणारा संच मला यशस्वी प्रयोगापेक्षा अधिक शिकवून जातो.

पायरी ७ : प्रयोग संपल्यावर

कलाकारांना भेटावे, एक नेमकी आवडलेली गोष्ट सांगावी आणि निघावे. ‘छान झाला’ हे वाक्य अनुभवी माणसाच्या तोंडून संशयास्पद वाटते. ‘ती मूठ शेवटपर्यंत आवळलेली होती’ हे सांगितले तर समोरच्याचा चेहरा उजळतो. मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये. मी एकदा एका होतकरू मुलाला बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगितले होते, की दुसरा सीन त्याने लवकर कापायला हवा होता. पुढच्या आठवड्यात त्याने एकही सीन दीड मिनिटाच्या पुढे जाऊ दिला नाही आणि सगळ्या संचाचा विचका झाला. त्याला संचाबाहेरच्या एका ‘सीनियर’चे ऐकावे लागले यात त्याचा दोष नव्हता. नोट्स देणे हे त्या संचाच्या प्रशिक्षकाचे काम आहे, कारण त्यांची तालीम कशावर चालली आहे हे त्यालाच ठाऊक असते.

वही काढायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभरात जे टिकले तेवढेच लिहावे. मी तीन नोंदी करतो : न विसरता येणारी एक हालचाल, एक एडिट, आणि मला मनापासून हेवा वाटला असा एक क्षण. हेव्याची नोंद करताना संकोच वाटतो खरा, पण आपल्याला पुढे काय शिकायचे आहे हे तीच अचूक सांगते. माझ्या वहीत सलग कित्येक पाने शांत उभे राहू शकणाऱ्या कलाकारांविषयीच भरली आहेत, आणि मी मंचावर किती बडबडतो हे मला त्यावरूनच उमगले.

पायरी ८ : चित्रफिती, जपून

टी. जे. जॅगोडोव्स्की आणि डेव्हिड पास्क्वेसी हे शिकागोचे दोघे 2002 पासून प्रेक्षकांकडून शब्दही न घेता तासाभराचा प्रयोग करत आले आहेत. त्यांच्या चित्रित प्रयोगाची पहिली दोन मिनिटे आवाज बंद करून पाहावीत आणि मग आवाजासह पुन्हा पाहावीत. नेटफ्लिक्सवर 2020 मध्ये आलेले टॉमस मिडलडिच आणि बेन श्वार्ट्झ यांचे तीन भागही अभ्यासाला चांगले आहेत, कारण दोघेच असल्याने पात्रांची सरमिसळ ते कशी निस्तरतात हे स्पष्ट दिसते. मात्र कॅमेरा बोलणाऱ्याकडे वळतो, त्यामुळे चौथ्या पायरीतले बरेचसे काम चित्रफितीवर होत नाही.

पायरी ९ : एक रात्र दशावताराला द्या

हे मी महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कलाकारांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडे उत्स्फूर्त संवादांची जी रंगभूमी आजही जत्राजत्रांत भरभरून चालते, ती पाहण्यासाठी शिकागोला जावे लागत नाही. दिवाळीनंतर सिंधुदुर्गात जावे लागते. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. रंगपटात आख्यान कोणते, कोण कुठली भूमिका करणार आणि कथा कशी वळणार एवढे ठरते, आणि मग कलाकार स्वतःच रंगरंगोटी करून देवळाच्या मांडात, म्हणजे प्रयोगाच्या जागेत, उतरतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडे : तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. आपल्या दोन खुर्च्यांचे हे थोरले भावंड आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने आड दशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, चुकवू नये. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर काळ्या वेशातला संकासूर येतो आणि मालवणीत भटजीची जी फिरकी घेतो, तिच्यात समोर बसलेल्या गावाचे ताजे संदर्भ येतात. त्या वेळी भटजी करणाऱ्याकडे पाहावे, कारण तो मार खाऊन, अडखळून, मुद्दाम चुकीचा प्रश्न विचारून संकासुराला चेंडू उंच टाकून देत असतो. पुढे आख्यानात राजा आणि खलनायक यांची जुगलबंदी रंगली की मृदंगवाला आणि पेटीवाला यांच्यावर नजर ठेवावी. संवाद कुठे संपणार हे ठरलेले नसताना ते नेमक्या क्षणी ठेका कसा देतात हे पाहिल्यावर स्वीप एडिटकडे बघण्याची आपली दृष्टी बदलते.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी या कलावंतांविषयी कोकणात म्हण आहे, कारण पहाटे दहीकाला झाला की राजाच आपली पेटी उचलून पुढच्या गावच्या वाटेला लागत असे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, त्यामुळे दुपारी झोप काढावी, अंगावर घ्यायला शाल न्यावी आणि मांडाच्या अशा कडेला बसावे जिथून रंगपटाचे दारही दिसेल, म्हणजे बाहेर पडण्याआधी राजा पडद्याआड उभा राहून आतले संवाद कसा ऐकतो तेही पाहता येते.